धोकादायक इमारत आणि परतीचा हक्क

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या वृत्तपत्रांत एक यादी येते. शहरातील 'अतिधोकादायक' इमारतींची ती यादी असते. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी, कामाठीपुरा, परळ ही नावे तिच्यात फिरून फिरून येतात. यादीखाली रहिवाशांना आवाहन असते की त्यांनी घरे तातडीने रिकामी करून प्रशासनाला सहकार्य करावे. पुढे पाऊस सुरू होतो, एखादी इमारत कोसळते, चौकशी जाहीर होते आणि 'वारंवार नोटिसा देऊनही रहिवाशांनी घरे सोडली नाहीत' हे वाक्य छापून येते. ते वाक्य खोटे नसते. पण शहराचा सगळा विचार त्या वाक्यापाशी येऊन थांबतो आणि रहिवाशांनी घरे का सोडली नाहीत, हा प्रश्न अविचारी माणसांच्या हट्टाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

माझे मामा गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत. चाळीच्या दर्शनी भिंतीवर 'ही इमारत धोकादायक आहे' असा फलक होता. लाकडी टेकू तळमजल्यापासून वरपर्यंत लावलेले होते आणि मामी त्यांतल्याच एका टेकूला दोरी बांधून कपडे वाळत घालीत असे. त्या फलकाखालून ते दोघे अकरा वर्षे ये-जा करीत होते. "मामा, तुम्ही संक्रमण शिबिरात का जात नाही?" असे मी एकदा विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे, बाहेर पडायला अर्धा तास पुरतो. परत आत यायला माझा जन्म पुरेल का, ते सांग." या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. शहराला ते आजही देता आलेले नाही, असे माझे मत आहे, आणि हा लेख त्या मताच्या समर्थनार्थ आहे.

या इमारती एकाएकी जीर्ण झालेल्या नाहीत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने दक्षिण आणि मध्य मुंबईतील भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात ते आवश्यकही होते. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धे शतक टिकला. सिमेंट, लाकूड, मजुरी यांचे भाव वाढत राहिले आणि खोलीचे भाडे मात्र काही रुपयांवर थांबले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूने पागडी मोजलेली असल्यामुळे तो स्वतःला निम्मा मालक समजू लागला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले प्रमाणभाडे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण जवळजवळ शून्याची चार टक्के म्हणजे किती? अशा रीतीने एकाच इमारतीला दोन अर्धवट मालक लाभले, आणि छप्पर गळू लागले तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले.

यावर उपाय म्हणून १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. जुन्या इमारतींकडून उपकर घ्यायचा आणि त्या बदल्यात मंडळाने त्यांची संरचनात्मक दुरुस्ती करायची, अशी ही योजना. तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती आणि त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झाले. मंडळाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनेक इमारती त्याच्या टेकूंमुळेच आजवर उभ्या राहिल्या. मात्र दुरुस्तीच्या खर्चाला प्रति चौरस मीटर कमाल मर्यादा होती आणि ती ओलांडली की इमारत 'दुरुस्तीपलीकडची' ठरत असे. मग एकतर टेकू किंवा संक्रमण शिबिर. टेकू हा तात्पुरता आधार असतो, हे कोणताही गवंडी सांगेल. आपण त्याचे धोरण करून टाकले.

संक्रमण शिबिराचेही तेच झाले. 'संक्रमण' या शब्दात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा अर्थ आहे, पण शिबिरांत माणसे दशकानुदशके राहिली. काहींची मुले तिथेच जन्मली आणि तिथूनच लग्न होऊन गेली. मूळ इमारत पडलेली, भूखंड अरुंद, त्यावर नवी इमारत नियमात बसत नाही, म्हणून परतीची तारीख नाही. अशा लोकांसाठी 'बृहत्सूची' नावाची आणखी एक यादी करावी लागली. गिरगावातल्या माणसाने संक्रमण शिबिरात राहणाऱ्या आपल्या जुन्या शेजाऱ्याकडे पाहूनच आपला निर्णय घेतलेला असतो. त्याला हट्ट म्हणणे सोपे आहे. मी त्याला अनुभव म्हणेन.

या अनुभवाची किंमत भयंकर आहे, हे नाकारण्याचा माझा हेतू नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. ती इमारत मोठ्या पुनर्विकास प्रकल्पाचा भाग होती. काही कुटुंबे तिथून हलली होती, काही राहिली होती. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडून डझनाहून अधिक जीव गेले आणि पडलेला भाग नेमका कोणाच्या अखत्यारीतला, यावर यंत्रणांमध्ये वाद झाला. आणि ज्यांना वाटते की हा केवळ खाजगी मालक व हट्टी भाडेकरू यांचा प्रश्न आहे, त्यांनी सप्टेंबर २०१३ आठवावा. माझगावजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण ठार झाले. ती इमारत महापालिकेची होती आणि तिच्यात महापालिकेचेच कर्मचारी राहत होते.

त्यानंतर यंत्रणा अधिक नेटकी झाली. इमारतींची सी-१, सी-२ अ, सी-२ ब, सी-३ अशी वर्गवारी ठरली. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची इमारत. महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली नोटीस निघते आणि तरी माणसे हलली नाहीत तर वीज-पाणी तोडले जाते. या वर्गवारीत भेगांचा, गंजलेल्या सळ्यांचा, झिजलेल्या तुळयांचा विचार आहे, आणि तो असायलाच हवा. पण खोलीत राहणाऱ्याचा हक्क कोणत्या अवस्थेत आहे, याचे परीक्षण कोणी करीत नाही. मालक आणि भाडेकरू यांचे अभियंते एकाच भिंतीबद्दल परस्परविरुद्ध अहवाल देतात तेव्हा वाद भिंतीचा नसतो. इमारत पडल्यावर जमीन कोणाच्या पदरात पडेल, हा तो वाद असतो.

इथे कायदा आणि व्यवहार यांच्यातील अंतर लक्षात घ्यावे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. तो जमिनीलाही चिकटलेला असतो. हा निकाल मामांच्या हाती असता तर ते निघाले असते का? मला शंका आहे. न्यायालयात टिकणारा हक्क आणि हयातीत पदरात पडणारा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाला दुसरीच उपयोगाची असते. १९८६ साली म्हाडा कायद्यात नवे प्रकरण घालून रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादन करण्याची तरतूद झाली. तिला मालकांनी आव्हान दिले आणि त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. एवढ्या काळात किती तुळया कुजल्या असतील, याचा हिशेब कोण ठेवणार? अलीकडच्या दुरुस्तीने आधी मालकाला, मग रहिवाशांना प्रत्येकी सहा महिने आणि शेवटी म्हाडाला संधी, असा क्रम घातला. त्याखालच्या नोटिसाही न्यायालयात गेल्या.

नगरनियोजनाच्या चर्चेत अमेरिकेतील डेट्रॉइटचे उदाहरण नेहमी दिले जाते, म्हणून त्याचा उल्लेख करतो. १९५० साली १८ लाखांवर वस्ती असलेले ते शहर २०२० पर्यंत साडेसहा लाखांच्याही खाली आले. २०१४ च्या पाहणीत तिथे ८४ हजारांहून अधिक घरे आणि मोकळे भूखंड उजाड झालेले किंवा त्या वाटेवर असलेले आढळले, आणि शहराने हजारो घरे पाडली. तिथे माणसे आधी गेली आणि घरे मागाहून पडली. मुंबईत घर पडायला टेकले तरी माणूस जात नाही, कारण पायाखालची जमीन सोन्याच्या भावाची आहे. आपल्याकडे रिकाम्या खोल्या नाहीत असे मात्र नाही. जवळजवळ प्रत्येक जुन्या चाळीत कुलूप लावलेल्या खोल्या सापडतात. त्यांचे भाडेकरू बोरिवली-डोंबिवलीला स्थायिक झालेले असतात आणि उद्याच्या नव्या सदनिकेसाठी कुलूप राखून असतात. प्रत्यक्षात रिकामी, कागदावर भरलेली अशी ही खोली गळते, तिच्याखालच्या खोलीचे आढे कुजते, आणि तिथे मात्र कोणीतरी खरोखर झोपलेले असते.

याचा अर्थ भाडेकरू नेहमी निरागस आणि मालक नेहमी खलपुरुष असा नव्हे. दहा-वीस रुपये भाड्यात इमारत सांभाळा असे मालकाला सांगणे हा अन्यायच होता. पुनर्विकासासाठी जादा चटईक्षेत्र देण्याच्या नियमामुळे पुष्कळांना चांगली घरे मिळाली, हेही खरे. पण या नियमाने इमारतीचे भवितव्य तिच्या भेगांऐवजी भूखंडाच्या आकारावर आणि विक्रीच्या भावावर सोपवले. मोठ्या रस्त्यावरच्या चाळीला विकासक मिळतो. गल्लीतल्या दोन खणांच्या इमारतीला यादीतला क्रमांक तेवढा मिळतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. घर रिकामे करण्याची नोटीस आणि परतीचा दस्तऐवज एकाच दिवशी, एकाच हाताने दिला जावा. त्यात खोलीचे मोजलेले क्षेत्रफळ, रहिवाशाचे नाव, पर्यायी निवाऱ्याचा पत्ता आणि परतीची मुदत असावी. मुदत टळली तर दरमहा किती रक्कम मिळेल, आणि ती कोण देईल, हेही असावे. तो नोंदणीकृत असावा. भूखंड अरुंद असेल, परत येणे शक्यच नसेल, तर तेही त्याच दिवशी सांगून जवळपासचे दुसरे कायमचे घर नेमून द्यावे. याला पैसा लागेल. पण टेकूंना, शिबिरांना, खटल्यांना आणि मृतांच्या वारसांना द्यायच्या भरपाईला तो आजवर लागलाच आहे.

मराठी साहित्याने चाळीच्या आठवणी पुष्कळ जपल्या. तिच्या मोडकळीकडे आपण क्वचितच नागरिक म्हणून पाहिले. मामांची चाळ अखेर त्यांच्या पश्चात रिकामी झाली. मामीने निघताना भाडेपावत्यांचा गठ्ठा पिशवीत घालून छातीशी धरला होता. शिबिरातल्या लोखंडी कपाटात तो आजही आहे, आणि चाळीच्या जागी पत्र्याच्या कुंपणाआड गवत वाढते आहे.