साकव कोणत्या खात्यात?

काही वर्षांपूर्वी नेपाळच्या डोंगराळ भागात पायी हिंडताना प्रस्तुत लेखकाला हिमशिखरांइतकेच तिथल्या झुलत्या पुलांनी खिळवून ठेवले. दरीच्या दोन काठांत जखडलेले पोलादी दोर, त्यांवर लोखंडी फळ्यांची वाट, बाजूंना तारेची जाळी. पात्रात एकही खांब नाही. पाठीवर पोती घेतलेले भारवाहक, खेचरांचे तांडे, शाळेला निघालेली मुले त्यावरून जात. त्या देशात असे 10,000 हून अधिक पूल आहेत. 1970 नंतर स्वित्झर्लंडच्या साहाय्याने या कामाला पद्धत आली. शासनाने दोर आणि आराखडा पुरवायचा. गावाने उपभोक्ता समिती नेमून दगड, वाळू आणि श्रम द्यायचे आणि पुढे पुलाची निगाही राखायची. आपल्याहून गरीब असलेल्या देशाने हे साधले आहे.

परतल्यावर पाचगणीच्या पठारावरून कृष्णेचे खोरे पाहताना मन साहजिकच तुलना करू लागले. येथून जवळच्या कोयनेच्या खोऱ्यात आणि घाटाखाली कोकणात ओढ्यावरच्या पायपुलाला साकव म्हणतात. पूर्वी तो ओंडक्यांचा नि बांबूंचा असे आणि गावकरीच तो बांधीत. आता तो सिमेंट-लोखंडाचा असतो, किंवा नसतोच. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. अशा पाण्याबरोबर धोंडे आणि उन्मळलेली झाडे येतात, आणि त्यांच्या वाटेत पहिला आडवा येतो तो साकवाचा खांब. बिनखांबी पुलाचा विचार खरे तर इथेच आधी व्हायला हवा होता.

कोयना धरणाचे पाणी 1960 च्या दशकात चढले, तेव्हा कांदाटी खोऱ्यातील वस्त्या पाण्यापलीकडे राहिल्या. तापोळा आणि बामणोलीहून सुटणारी लाँच हाच त्यांचा रस्ता झाला. या प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता 1,960 मेगावॉट आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. आता तापोळा ते आहीर असा मोठा पूल हाती घेण्यात आला आणि त्यात पर्यटकांसाठी प्रेक्षासज्जाही योजण्यात आली. पूल व्हावा, लवकर व्हावा. पण त्या पुलापर्यंत पोचण्यापूर्वी वाडीवाडीच्या माणसाला जे ओढे ओलांडावे लागतात, त्यांचे काय?

अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने येथे आपल्या शास्त्राचाही दोष कबूल केला पाहिजे. पुलाचा लाभ आम्ही वाहनांची संख्या आणि वाचलेले इंधन यांवर मोजतो. जिथे वाहन जाऊच शकत नाही तिथला लाभ मग शून्याच्या जवळ येतो. पाणी ओसरेपर्यंत डोक्यावरचा भारा घेऊन काठावर थांबलेली बाई, डोलीतून न्यावी लागणारी बाळंतीण, आषाढ-श्रावणात बुडणारी शाळा यांना बाजारभाव नाही. म्हणून हा खर्च कोणत्याच वहीत चढत नाही. तो भरतात मात्र रोज, आणि तोही रोखीने.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. महामार्गावरचा तो नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. याचा अर्थ पैसा आणि यंत्रणा यांचा तुटवडा नव्हता. मात्र 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीखाली कोसळून चार जण मृत्युमुखी पडले, तेव्हा पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. फलक लावला म्हणजे जबाबदारी संपली, अशी आपल्या प्रशासनाची समजूत दिसते!

साकवाला निधी मिळतो तो कधी डोंगरी विकासातून, कधी जिल्हा नियोजनातून, कधी आमदारांच्या निधीतून. बांधण्यासाठी इतकी दारे आहेत. गंजलेला कठडा बदलण्यासाठी एकही हमखास नाही. उद्‌घाटनाची कोनशिला बसते, देखभालीची बसत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उथळ नाही. या वाड्या ओस पडत चालल्या आहेत. मूठभर म्हाताऱ्यांसाठी पूल कशाला? परंतु मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहणारे कित्येक माथाडी याच खोऱ्यांतून गेले. पावसाळ्यात दवाखाना नि शाळा तुटणाऱ्या गावात तरुण कुटुंब राहील कसे? वाट नाही म्हणून माणसे गेली, आणि माणसे गेली म्हणून वाट नाही, हे चक्र कोठून तरी तोडावे लागेल.

तूर्त दोन गोष्टी करता येतील. जिल्हा परिषदेने प्रत्येक साकवाची नोंदवही तालुकावार तयार करावी. बांधल्याचे वर्ष, शेवटची पाहणी आणि जबाबदार अभियंत्याचे पद ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. आणि देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून त्यातला खर्च ग्रामसभेसमोर मांडावा. पाहणी एप्रिलमध्येच व्हावी. जूनमध्ये अभियंत्यालाही ओढ्यापलीकडे जाता येत नाही.