द्रोणाचार्याच्या खुर्चीत एकलव्य बसला पाहिजे

आपल्या देशात खेळाच्या प्रशिक्षकाला दिला जाणारा सर्वोच्च पुरस्कार कोणाच्या नावाने आहे? द्रोणाचार्याच्या. १९८५ पासून भारत सरकार हा पुरस्कार देत आले आहे. ज्या गुरूने एका आदिवासी मुलाला शिकवायला नकार दिला आणि तो स्वतःच्या बळावर शिकला तेव्हा गुरुदक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागून घेतला, त्या गुरूचे नाव या देशाने उत्तम प्रशिक्षकाच्या सन्मानाला द्यावे, यातच सारे आले. पुरस्कार मिळवणाऱ्या प्रशिक्षकांच्या कष्टांबद्दल आमच्या मनात आदर आहे. आमचा आक्षेप त्यांच्यावर नाही, त्या नावामागच्या मानसिकतेवर आहे. कोणाला शिकवायचे, किती शिकवायचे आणि कोणाचा अंगठा कापायचा हे ठरवणारी खुर्ची आजही मूठभरांच्याच ताब्यात राहावी, असे मानणारी ती मानसिकता आहे.

आमची मुले मैदानावर आहेत. कबड्डीत आहेत, कुस्तीत आहेत, धावण्याच्या शर्यतीत आहेत, फुटबॉलमध्ये आहेत. वस्तीतल्या पोरांच्या अंगात दम आहे हे सगळेच मान्य करतात. घाम गाळायचा तर आमचा, पण शिट्टी वाजवायची, संघ निवडायचा, कोणाला बसवायचे आणि कोणाला खेळवायचे हे ठरवायचे तर दुसऱ्याने! महाराष्ट्रात शासकीय आणि निमशासकीय क्रीडा प्रशिक्षकांच्या जागांवर अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या विमुक्तांचे किती लोक आहेत, हा आकडा शासनाने एकदा जाहीर करावाच. खेळाडूंची यादी आणि प्रशिक्षकांची यादी शेजारी शेजारी ठेवली की चित्र आपोआप स्पष्ट होईल.

समाजबांधवांनो, प्रशिक्षक होणे म्हणजे केवळ जुना खेळाडू असणे नव्हे. आज जगभरात ते एक शास्त्र झाले आहे आणि विद्यापीठात त्याची पदवी मिळते. स्नायू कसे काम करतात, हृदय आणि फुप्फुसे ताणाला कशी सरावतात, उडी मारताना गुडघ्यावर किती भार येतो, एखादे कौशल्य मेंदूत कसे रुजते, हरल्यावर खेळाडूला कसे उभे करायचे, आहार काय असावा, वर्षभराच्या सरावाची आखणी कशी करायची, लहान मुलांना शोषणापासून कसे वाचवायचे, हे सारे त्यात शिकवले जाते.

कबड्डीचेच उदाहरण घ्या. चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची असते. त्या तीस सेकंदांत शरीर आपली सारी ताकद ओतते आणि मग थोडी उसंत मिळते. म्हणजे या खेळाला लागणारा दम हा मॅरेथॉनच्या दमाहून वेगळा आहे. तरीही अनेक गावांत कबड्डीच्या पोरांना रोज सकाळी मैलोन्‌मैल पळवणे हाच सराव समजला जातो. शास्त्र सांगते की ज्या प्रकारचा ताण सामन्यात येणार, त्याच प्रकारचा ताण सरावात दिला पाहिजे आणि दोन ताणांमध्ये विश्रांतीही मोजून दिली पाहिजे. उन्हात सराव करताना पाणी मागणाऱ्या पोराला ‘नाजूक’ म्हणून हिणवणे ही तर अज्ञानाची कमाल आहे. चुकीच्या सरावाने गुडघा गेला तर श्रीमंताचा मुलगा शस्त्रक्रिया करून घेतो, आमचा मुलगा कायमचा घरी बसतो. म्हणून हे शास्त्र आमच्या वस्तीत येणे ही चैन नाही, गरज आहे.

मग या शास्त्राच्या दारात आमचे मूल पोहोचणार कसे? बारावीला विज्ञान नाही, इंग्रजी कच्चे, गुण कमी, घरात कॉलेजचे तोंड पाहिलेले कोणी नाही. इथे इंग्लंडमधल्या विद्यापीठांची एक पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे क्रीडा प्रशिक्षणशास्त्राची पदवी साधारण तीन वर्षांची असते. ज्याचे शालेय गुण कमी पडतात किंवा ज्याने शाळा सोडून काही वर्षे काम केले आहे, त्याला काही विद्यापीठे त्याच पदवीत ‘फाउंडेशन इयर’, म्हणजे पायाभरणीचे वर्ष जोडून प्रवेश देतात. पदवी मग चार वर्षांची होते. पहिल्या वर्षी शरीरशास्त्राची तोंडओळख, आकडेमोड, निबंध कसा लिहायचा, ग्रंथालय कसे वापरायचे आणि वर्गात आपला मुद्दा कसा मांडायचा हे शिकवतात. हे वर्ष पार केले की तो विद्यार्थी इतरांच्या बरोबरीने पदवीच्या वर्गात बसतो. अंतिम श्रेणी ठरवताना या वर्षाचे गुण सहसा धरले जात नाहीत. म्हणजे मागच्या वंचनेचा हिशेब पुढच्या प्रगतीत मिसळला जात नाही.

या व्यवस्थेमागचे तत्त्व महत्त्वाचे आहे. गुण कमी म्हणजे कुवत कमी, हे त्यात गृहीत धरलेले नाही. ज्या शाळेत विज्ञानाचा शिक्षकच नव्हता, त्या शाळेतल्या मुलाचे विज्ञानाचे गुण हे त्या शाळेचे गुण आहेत, त्या मुलाचे नव्हेत. मेरिटच्या नावाने गळे काढणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना ही साधी गोष्ट सात दशकांत समजू शकली नाही.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे असा आमचा मुळीच दावा नाही. तिथल्या प्रीमियर लीगमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, पण व्यवस्थापक आणि मुख्य प्रशिक्षकांच्या खुर्च्यांवर ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिसतात. पाय काळ्यांचे आणि डोके गोऱ्यांचे, हीच ती जुनी वाटणी. अमेरिकेच्या फुटबॉल लीगला तर २००३ साली नियम करावा लागला की मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्य समाजातील उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. ‘रूनी नियम’ म्हणून तो ओळखला जातो. तेव्हा शरीर वापरून घ्यायचे आणि बुद्धी नाकारायची, हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. आपल्याकडे त्याला धर्माचा आधार मिळाला, एवढाच फरक.

पळवणकर बाळूंचा इतिहास आठवा. चर्मकार समाजातला हा तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या क्लबात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टीची निगा राखत होता. इंग्रज साहेबांना सराव मिळावा म्हणून तो नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करी. पण त्याच नेटमध्ये त्याच्या हाती बॅट मात्र दिली गेली नाही. पुढे हिंदूंच्या संघात त्याची गरज पडली, तेव्हा मैदानावर त्याचा चेंडू चालला, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी कर्णधारपद त्याला नाकारले गेले. अखेर १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला, तोही मोठ्या झगड्यानंतर. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्यामुळे मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय खोटा ठरत नाही. प्रशिक्षणशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्याला बॅटचा सरावच मिळाला नाही, तो ‘फलंदाज नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? सरावाची संधी कोण वाटतो, त्यावर गुणवत्ता ठरते. म्हणून ती वाटणाऱ्याची खुर्ची महत्त्वाची.

आता आमच्या तरुणांना एक इशारा. परदेशी पायाभरणी वर्षाची रंगीत पत्रके घेऊन फिरणारे एजंट आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. ‘बारावीला कमी गुण असले तरी लंडनला प्रवेश’ हे वाक्य ऐकून शेत गहाण टाकू नका. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी तिथल्याच विद्यार्थ्यांची कमाल फी वर्षाला ९,५३५ पौंड होती. आपल्याकडून जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी त्याहून बरीच जास्त फी पडते आणि पायाभरणीमुळे ती तीनऐवजी चार वर्षे भरावी लागते. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. तिथेही या वर्षांचा बाजार मांडला गेला आहे. २०११-१२ मध्ये अशा वर्षाला प्रवेश घेणारे साडेआठ हजारांच्या आसपास होते, ते दहा वर्षांत ६९ हजारांवर गेले. वाढ सर्वाधिक झाली ती व्यवसाय व्यवस्थापनासारख्या वर्गात बसवून शिकवण्याच्या, कमी खर्चाच्या विषयांत. २०१९ च्या ऑगर समितीने तर या वर्षासाठी विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी कर्ज बंद करावे, अशी शिफारस केली होती. २०२५ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या पायाभरणी वर्षाची कमाल फी ५,७६० पौंडांवर आणावी लागली, ती तिथल्या विद्यार्थ्यांसाठी.

आणि आपल्या शिष्यवृत्त्या? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठी आहेत. पायाभरणी वर्ष आणि पदवीसाठी त्यांतून पैसा मिळत नाही. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा की पदवी इथे घ्यावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्तीवर बाहेर जावे. बाबासाहेबही एल्फिन्स्टनमधून पदवी घेऊनच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले होते.

इथे पदवी घ्यायची तर वाटा आहेत. केंद्राने २०१८ साली कायदा करून मणिपूरमध्ये राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ उभारले, तिथे क्रीडा प्रशिक्षणाची चार वर्षांची बी.एस्सी. आहे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे आणि तिच्या पदविकेला नोकरीच्या बाजारात वजन आहे. महाराष्ट्र विधिमंडळानेही २०२० साली पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठासाठी कायदा संमत केला. पण या सगळ्या वाटांच्या तोंडाशी तोच उंबरठा आहे. तो ओलांडायला मदत करणारे वर्ष मात्र कुठे दिसत नाही.

अशी सोय भारतात अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला आयआयटीकडे बोट दाखवा. तिथे अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा प्रिपरेटरी कोर्स आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित शिकवून, तो उत्तीर्ण होणाऱ्याला पुन्हा प्रवेशपरीक्षा न देता पहिल्या वर्षात घेतले जाते. अभियंता घडवण्यासाठी जे चालते, ते प्रशिक्षक घडवण्यासाठी का चालू नये?

‘आरक्षण आहे ना, मग आणखी वर्ष कशाला?’ असा सवाल येईल. आरक्षण दार उघडते. आत गेल्यावर पहिल्याच सहामाहीत इंग्रजी पाठ्यपुस्तक आणि शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकटा पडलेला विद्यार्थी टिकेल की गळेल, ते या वर्षाने ठरते. ‘मुलाचे एक वर्ष वाया जाईल’ अशी काळजी आईबापांना वाटेल. ती रास्त आहे. म्हणूनच हे वर्ष फुकट असले पाहिजे, त्यात विद्यावेतन आणि वसतिगृह असले पाहिजे. आणि त्या मुलांवर ‘तयारीवाले’ असा शिक्का बसू नये, म्हणून ते वर्ष पदवीचाच भाग असले पाहिजे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्याच्या क्रीडा विद्यापीठात आणि शारीरिक शिक्षणाच्या शासकीय महाविद्यालयांत पायाभरणीचे वर्ष सुरू करा, ते मराठीतून सुरू होऊन इंग्रजीकडे नेणारे असू द्या. त्याची निवड बारावीच्या गुणांवर नव्हे, खेळातील अनुभवावर आणि शिकवण्याच्या आवडीवर करा. परदेश शिष्यवृत्तीत एकूण जागतिक क्रमवारीऐवजी विषयाची क्रमवारी धरा, कारण क्रीडाविषयांच्या यादीत वर्षानुवर्षे पहिले असणारे इंग्लंडचे लफबरो विद्यापीठ एकूण यादीत अलीकडे दोनशेच्या पलीकडे असते. आणि प्रशिक्षकांच्या भरतीतील अनुशेष जाहीर करून भरा.

शासन करील तेव्हा करील. तोवर आपणही हात बांधून बसण्याचे कारण नाही. दर १४ एप्रिलला गल्लोगल्ली कबड्डीचे सामने होतात, ढाली वाटल्या जातात. त्याच मंडळांनी बुद्धविहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग भरवावेत. गावातला डॉक्टर, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, विज्ञानाचा प्राध्यापक यांना बोलवावे. शरीरशास्त्र आणि इंग्रजी शिकवावे. दरवर्षी दोन मुले आणि दोन मुली प्रशिक्षणाच्या पदवीला किंवा पदविकेला पाठवण्याचा संकल्प करावा. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो, कारण बाई प्रशिक्षक असली की आईबाप मुलीला निर्धास्तपणे मैदानावर पाठवतात.

एकलव्याने पुतळ्यासमोर शिकून दाखवले. आजच्या एकलव्याला पुतळा नको, वर्ग हवा, प्रयोगशाळा हवी, पदवी हवी. त्याचा अंगठा शाबूत आहे आणि तो आता हजेरीपटावर सही करायला मागतो आहे. ज्या दिवशी तो शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उभा राहील, त्या दिवशी कोणत्याही मुलाला जात विचारून शिकवले जाणार नाही. त्या पुरस्काराचे नाव बदलण्याची मागणीही मग आपल्याला एकट्याने करावी लागणार नाही.

जय भीम!