दांडी एक सांगते, पंखा दुसरेच करतो

पावसाळा सरून दिवाळी आली, की पुण्या-मुंबईची कुटुंबे मावळाची वाट धरतात. लोणावळ्याला चिक्की घ्यावी आणि पवनेच्या जलाशयाकाठी तुंग-तिकोना न्याहाळीत दोन घटका बसावे, हा मोठ्यांचा बेत. मुलांना मात्र होडी हवी असते, आणि तीही यंत्राची!

घाटमाथ्यावर होडीच्या यंत्राची गोष्ट कुणाला विजोड वाटेल. पण आरमाराचे इंजिनिअर घडविणारी 'शिवाजी' ही नौदलाची संस्था १९४५ पासून लोणावळ्यालाच आहे. तेव्हा आपणही होडीच्या पाठीला टांगलेल्या त्या 'आउटबोर्ड' यंत्राची थोडी विचारपूस करू.

अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये असली यंत्रे विकायला आरंभ केला, तेव्हा त्यांना गिअर नव्हता. यंत्र सुरू झाले, की होडी निघालीच! पुढे गिअर आला आणि होडीला तीन गोष्टी कळू लागल्या: पुढे जाणे, मागे येणे आणि न्यूट्रल, म्हणजे यंत्र चालू ठेवून पंखा मोकळा सोडणे. पाण्याखालच्या पेटीत दोन दातेरी चाके समोरासमोर फिरत असतात. त्यांच्यामध्ये एक खाचांचा तुकडा सरकतो. तो ज्या चाकात अडकेल, त्या दिशेला पंखा फिरतो. त्याला सरकविण्याचा हुकूम नावाड्याच्या हातातल्या दांडीकडून केबलमार्फत खाली जातो. हुकूम मध्येच अडकला, की पंचाईत.

गेल्या हिवाळ्यात पवनेच्या काठी एक होडी परत येत होती. काठाशी गुडघाभर पाण्यात तीन-चार मुले खेळत होती. नावाड्याने दांडी न्यूट्रलवर घेतली, तरी होडी येतच राहिली. मुलांच्या आया ओरडू लागल्या. नावाडी दांडीशी झटत बसला नाही. त्याने मनगटाला बांधलेली दोरी खेचली. यंत्र मुके झाले, आणि पंखा थांबलेली ती होडी वल्ह्याने वळवून त्याने बाजूच्या चिखलात टेकवली.

मग शोध सुरू झाला. नावाड्याने यंत्राच्या डोक्याशी केबल सोडली आणि तिथला छोटा दांडा हातानेच हलवला. त्याचा सोबती पंखा हळूहळू फिरवीत होता. गिअर लोण्यासारखा पडला. म्हणजे खालची पेटी निर्दोष, दोष वरचा! मावळच्या पावसात केबलच्या नळीत पाणी शिरून आतली तार गंजली होती. नवी केबल घालून तिची लांबी नीट जुळवली, की काम झाले. उलट तो दांडाही हाताने हलला नसता, तर पेटी उघडणे भाग होते.

प्रत्येक दुखण्याची खूण वेगळी असते. गिअर पडतो आणि कटकट करीत निसटतो, तर खाचांच्या कडा झिजल्या समजावे. दांडी भीतभीत, सावकाश ओढण्याची सवयच त्या झिजवते. यंत्र मंद करून एका झटक्यात गिअर टाकावा. यंत्र मंद असतानाही फार जोरात फिरत असेल, तरी गिअर अवघड पडतो. पेटीतले तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले. यंत्र घोंगावते आणि होडी जागची हलत नाही, तेव्हा पुष्कळदा गिअर बिचारा निरपराध असतो. पंख्याच्या मधला रबरी भाग सुटलेला असतो किंवा जुन्या यंत्रात पंख्याची पिन तुटलेली असते. यंत्र बंद असताना दांडी अडली, तर तिच्यावर जोर करू नये. खाचा समोरासमोर आलेल्या नसतात, एवढेच. मात्र पंख्याला हात लावण्यापूर्वी यंत्र बंद करून स्पार्क प्लगची तार काढलीच पाहिजे.

आपण प्रवासी मंडळी केबल तपासणार नाही, हे खरे. पण होडीत पाय ठेवण्यापूर्वी, "दादा, जरा गिअर पुढे-मागे टाकून दाखवा, बंद करायची दोरी मनगटाला आहे ना?" एवढे विचारायला काय हरकत आहे? अंगात जीवरक्षक जाकीट चढवीतच विचारावे. चांगला नावाडी रागावत नाही. आणि जो रागावेल, त्याच्या होडीत मुलांना बसवू नये.