घरी सांगितले गोवा, गाठले बँकॉक: पासपोर्टचे पान फाडले तर काय होते?

विरारहून मित्रांसोबत वीकेंडला बँकॉक गाठणे सोपे झाले; जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना ६० दिवसांची व्हिसासूट दिली. पासपोर्टवर शिक्का मात्र उरतो. घरी ‘गोवा’ सांगितलेले असले की काही जण पानच फाडतात.

जुलै २०२२ मध्ये मालदीवची सहल पत्नीपासून लपवण्यासाठी पाने फाडणाऱ्या तरुणाला मुंबई विमानतळावर अटक झाली होती. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ नुसार नोंदींत फेरफार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पानांवर क्रमांक असतात, त्यामुळे गायब पान इमिग्रेशनच्या काउंटरवर लगेच कळते. प्रवासाची नोंद संगणकात असतेच, म्हणजे फाडूनही उपयोग शून्य.

पान चुकून फाटले असेल, तर पुढचे तिकीट काढण्याआधी पासपोर्ट री-इश्यूसाठी अर्ज करावा.