बंदूक पारखणाऱ्यांची पारख

२००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर, म्हणजे साडेपाचशे फुटांच्या आसपास वेगाने निघतो. त्याची ऊर्जा कशीबशी साडेसात ज्यूल भरते. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि जगातले उत्तम नेमबाज तो पुन्हा पुन्हा टिपतात. उलट बाजारातली दहा-पंधरा हजारांची स्प्रिंगची बंदूक खोक्यावर सेकंदाला हजार फुटांची शेखी मिरवते. इंटरनेटवर तिची परीक्षा घेणारे बहुतेक जण बोलायला सुरुवात करतात ती याच आकड्यापासून.

परीक्षणांवर विश्वास ठेवावा का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. वेग हा एअर रायफलीचा सर्वांत कमी उपयोगाचा आणि सर्वांत सहज फुगवता येणारा गुण आहे. जो परीक्षक त्यावरच थांबतो, त्याने बंदूक तपासलेलीच नसते.

हजार फुटांचा हिशेब कोणालाही घरी करता येतो. ४.५ मिलिमीटरचा नेहमीचा शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. जाहिरातीतला वेग मात्र पुष्कळदा शिसे नसलेल्या, एक तृतीयांश ग्रॅमच्या हलक्या छऱ्याने मोजलेला असतो. हलका छर्रा ३०५ मीटर वेगाने गेला तर त्याची ऊर्जा पंधरा ज्यूलच्या थोडी वर जाते. तेवढ्याच ऊर्जेवर ०.५२ ग्रॅमचा शिशाचा छर्रा टाकला तर वेग आठशे फुटांपाशी येतो. बंदूक तीच, छर्रा बदलला आणि दोनशे फूट गळाले. त्यातही छर्रा आवाजाच्या वेगाजवळ पोचला की हवेत डळमळू लागतो आणि नेम बिघडतो. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी कागदावरची भोके पांगण्याची शक्यता जास्त.

या हिशेबाला भारतात कायद्याची बाजूही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर एअर रायफलीला परवाना लागतो. ०.५२ ग्रॅमचा छर्रा खरोखर हजार फूट वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा २४ ज्यूल होते. तेव्हा विनापरवाना मिळणाऱ्या बंदुकीतून नेहमीचा छर्रा हजार फूट वेगाने जातो, असे सांगणाऱ्या परीक्षकाचा आकडा तरी खोटा असतो, नाहीतर तो प्रेक्षकाला बेकायदा शस्त्र विकत घ्यायला लावत असतो. बारावीच्या भौतिकशास्त्रात सुटणारे हे गणित व्हिडिओत क्वचितच कोणी मांडतो, याचा राग यायला हवा.

परदेशी परीक्षणे पाहून इथे खरेदी करणाऱ्यांची फसगत आणखी एका कारणाने होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअर रायफलीची मर्यादा बारा फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल आहे, तर जर्मनीत ती साडेसात ज्यूल आहे. अमेरिकेत देशभर लागू असलेली अशी मर्यादाच नाही. त्यामुळे कंपन्या एकाच नावाचे मॉडेल वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या ताकदीचे बनवतात. टेक्सासमधल्या माणसाने तपासलेली आणि पुण्यात कुरियरने आलेली बंदूक यांच्यात नाव आणि लाकडी दस्ता एवढेच सारखे असू शकते.

या सगळ्यात पैशाचा वाटा किती? बराच मोठा. परीक्षकाला बंदूक फुकट मिळते किंवा काही आठवड्यांसाठी उसनी मिळते. व्हिडिओखालच्या दुव्यावरून कोणी खरेदी केली तर त्याला दलाली मिळते. ‘घेऊ नका’ असे सांगण्यातून कोणाचीच कमाई होत नाही. कंपनीने स्वतः पाठवलेली बंदूक निवडून, तपासून पाठवलेली असण्याची शक्यता असते, तर ग्राहकाच्या वाट्याला येते ती ढिगातली कुठलीही. आणि जिच्याबद्दल चांगले बोलता येणार नाही अशी बंदूक परीक्षक बहुधा गुपचूप परत करतो. तिचा व्हिडिओच होत नाही. त्यामुळे पडद्यावर सगळ्याच बंदुका चांगल्या दिसतात.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारशी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकट वस्तू, सवलत किंवा सहल यांपैकी काहीही मिळाले असेल तर ते स्पष्ट सांगितले पाहिजे. व्हिडिओ असेल तर ते नुसते खालच्या मजकुरात लिहून भागत नाही, व्हिडिओतच दाखवले आणि बोललेही पाहिजे. शिफारस ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. मराठीत बोलणाऱ्या परीक्षकाने कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिणे पुरेसे नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा पुन्हा घडला तर तो पन्नास लाखांपर्यंत जातो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या परीक्षणांविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे. हे नियम आवश्यकच आहेत आणि ते कडकपणे राबवले गेले पाहिजेत.

पण पैशाचा खुलासा झाला म्हणजे परीक्षण विश्वासार्ह ठरले, असे मात्र नाही. अमेरिकेतल्या टॉम गेलॉर्ड यांचे उदाहरण पाहावे. त्यांनी नव्वदच्या दशकात एअरगनवरचे नियतकालिक काढले आणि पुढे वर्षानुवर्षे लिहिले ते ओहायोतल्या पिरॅमिड एअर या विक्रेत्यासाठी. पैसे देणारा दुकानदार आणि परीक्षण त्याच्याच मालाचे. नियमाच्या चौकटीतून पाहिले तर शंका घ्यायला यापेक्षा मोठे कारण नको. तरीही एअरगनच्या जगात त्यांच्या शब्दाला वजन आले ते पद्धतीमुळे. एका बंदुकीचे परीक्षण ते अनेक भागांत, वेगवेगळ्या दिवशी लिहीत. एका भागात बांधणी, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात अचूकता. कोणता छर्रा, किती अंतर, किती गोळ्या हे सगळे नोंदलेले असे, फसलेले लक्ष्यही छापलेले असे. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून न धरता, तोफेसारखी मोकळेपणाने मागे सरकू द्यावी, या पकडीला ‘आर्टिलरी होल्ड’ हे नाव त्यांनीच रूढ केले.

याच्या उलट, स्वतःच्या खिशातून बंदूक विकत घेऊन, मनापासून बोलणारा हौशी तरुण असतो. त्याला कोणी दमडी दिलेली नसते. तो खोटेही बोलत नसतो. पण गच्चीवर उभा राहून, हातात धरून तो तीन छर्रे मारतो, तिन्ही जवळ पडले की ‘जबरदस्त अ‍ॅक्युरसी’ म्हणतो. त्याच्या प्रामाणिकपणाने घेणाऱ्याचे काहीच भले होत नाही. परीक्षकाचा हेतू आणि परीक्षेची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकत घेणाऱ्याने आधी रीत पाहावी.

तीन छऱ्यांचे प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. कागदावर पडलेल्या भोकांपैकी सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर म्हणजे ग्रुप. संख्याशास्त्र सांगते की त्याच रायफलीतून, त्याच हाताने मारलेल्या दहा छऱ्यांचा ग्रुप सरासरीने तीन छऱ्यांच्या ग्रुपच्या सुमारे १.६ पट मोठा निघतो. तीन छऱ्यांचा १५ मिलिमीटर असेल तर दहांचा २४ च्या आसपास. त्यात परीक्षकाने तीन-तीन छऱ्यांचे सहा-सात ग्रुप मारले आणि त्यांतला सर्वांत सुबक तेवढा दाखवला, तर मामुली बंदूकही अव्वल दिसते. इथे कोणी एकही शब्द खोटा बोललेला नसतो. म्हणून दहा छऱ्यांचा ग्रुप, तोही ठरवून आधी जाहीर केलेला आणि वाईट आला तरी दाखवलेला, ही परीक्षकाकडून मागण्याची पहिली गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. नव्या स्प्रिंगच्या बंदुकीच्या सिलिंडरमध्ये कारखान्यातले तेल किंवा ग्रीस राहिलेले असते. दट्ट्या वेगाने पुढे आला की दाबलेली हवा तापते आणि ते तेल पेट घेते, डिझेल इंजिनात घडते त्याच तत्त्वाने. सुरुवातीच्या छऱ्यांना त्यामुळे जादा धक्का मिळतो, धूर दिसतो, वास येतो, आणि वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर चढा आकडा उमटतो. खोके उघडल्याच्या दिवशी मोजलेला वेग हा पुष्कळदा त्या जळलेल्या तेलाचा वेग असतो. काही शे छर्रे मारल्यावर बंदूक स्थिरावते आणि खरा स्वभाव दाखवते. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी बसतो. साध्या स्कोपची बांधणी त्याने महिन्याभरात खिळखिळी होऊ शकते. चापाची ओढ, स्प्रिंगचा थकवा, नळीच्या बिजागरीतली ढिलाई हे सगळे वापराने कळते. खोके उघडण्याच्या व्हिडिओत यातले एकही दिसू शकत नाही, आणि पुष्कळ पाहिले जातात ते हेच व्हिडिओ.

शिवाय प्रत्येक नळीची छऱ्यांची आवड वेगळी असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना दोन वेगळे छर्रे मानवू शकतात. एका नमुन्यावरून ‘हिला हाच छर्रा वापरा’ असे छातीठोक सांगणाऱ्याचे ऐकून पाच डबे घेण्याआधी एक डबा घ्यावा.

या विषयातली सर्वांत काळजीची बाजू पक्ष्यांची आहे. ब्रिटन-अमेरिकेतले परीक्षक ससे, खारी, कबुतरे मारून बंदुकीची ताकद दाखवतात, कारण तिथे काही प्राण्यांबाबत ते कायद्यात बसते. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून शिकार कायदेशीर होत नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आपणहून सरकारजमा केल्या. जंगल मुके होत चालल्याचे तिथल्या माणसांनी पाहिले होते. त्यामुळे ‘किती मीटरवरून पाखरू पडेल’ या प्रेक्षकाच्या प्रश्नाला आकडा देऊन उत्तर देणारा परीक्षक, तो कितीही बारकाईने मोजत असो, भरवशाचा मानता येत नाही. डोळ्याचे संरक्षण, मागची भिंत, उसळून परत येणारा छर्रा यांबद्दल अवाक्षर न काढणाऱ्यालाही हेच लागू आहे. लहान मुलाचा डोळा घालवायला साडेसात ज्यूलही पुरतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत, २०२२ मध्ये कैरोत एअर रायफलचा विश्वविजेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील आणि पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, या सगळ्यांनी इथल्या घराघरांत रायफलीचे स्वप्न नेले आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी पहिली रायफल घ्यायला निघालेल्या शेतकरी किंवा शिक्षक आईबापांकडे माहितीचे साधन उरते ते फोनच्या पडद्याचे. स्पर्धेची आयात रायफल लाखांच्या घरात जाते, म्हणून ते आधी स्वस्त बंदूक शोधतात. त्या क्षणी मिळालेला चुकीचा सल्ला पैसे तर घालवतोच, शिवाय मुलीच्या हाताला ज्या सवयी लावतो त्या मोडायला प्रशिक्षकाला फार कष्ट पडतात. त्या घराने कोणतेही परीक्षण पाहण्याआधी जवळच्या रेंजवर जाऊन प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन-तीन वेगळ्या रायफली हाताळून पाहाव्यात. बहुतेक क्लबांत शिकाऊ मुलांसाठी क्लबच्या रायफली असतात, आणि सुरुवातीचे काही महिने स्वतःची लागतही नाही.

पण सगळा भार आईबापांवर टाकून मोकळे होणे अन्यायाचे आहे. वस्तू बाजारातून स्वतः विकत घेऊन, जाहिरात न घेता तपासण्याची परंपरा जगात जुनी आहे. अमेरिकेतले कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून हे करते. मुंबईत नऊ महिलांनी १९६६ साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, तिने वस्तूंच्या चाचण्या करून निकाल ‘कीमत’ या आपल्या मासिकातून लोकांपुढे ठेवले. एअर रायफलींना अशी तपासणी इथे लाभलेली दिसत नाही, आणि ती करण्यासाठी लागणारे सगळे इथे आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, बालेवाडीला २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी सज्ज झालेली रेंज आहे, कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे. क्रोनोग्राफ काही हजारांत मिळतो.

ग्राहक संघटनांनी आणि रायफल क्लबांनी एकत्र येऊन दरवर्षी पाच-सहा मॉडेल्स निवडावीत. प्रत्येकाच्या दोन रायफली दोन वेगळ्या दुकानांतून, आपली ओळख न देता घ्याव्यात. पाचशे छर्रे मारून झाल्यावर वेग मोजावा, दहा मीटरवर टेकूवरून दहा-दहा छऱ्यांचे ग्रुप घ्यावेत, चार प्रकारच्या छऱ्यांनी घ्यावेत, आणि वर्षभर शिकाऊ मुलांच्या वापरात ठेवून पुन्हा तीच मोजणी करावी. सगळी लक्ष्ये, चांगली आणि वाईट, मराठीत छापावीत, आणि कोणती रायफल कुठल्या तारखेला किती रुपयांना घेतली, ती पावतीही निकालाशेजारी द्यावी.