तत्त्वज्ञानाचा एक तास

शाळेत भजन स्पर्धेची तालीम चालू होती. मुले सोहिरोबानाथांचे पद छान म्हणत होती. पखवाज, टाळ सगळे जागच्या जागी. आम्ही सहज विचारले, "यात ज्ञान म्हणजे काय रे?" एक मुलगा म्हणाला, "सर, ते परीक्षेला आहे?" आम्ही हसलो खरे, पण त्याचे बोलणे मनातून जाईना.

सोहिरोबानाथ आंबिये मूळचे पेडण्यातील पालयेच्या घराण्यातले. जन्म १७१४ चा, बांद्याचा. सावंतवाडीच्या राज्यात कुलकर्णीपण करीत. दरबारचे तातडीचे बोलावणे आलेले, वाटेत फणस खायला बसले आणि तिथे गहिनीनाथ भेटले, अशी आख्यायिका आहे. ती कशीही घ्या. हातची चाकरी सोडून हा माणूस 'मी कोण?' या प्रश्नामागे निघाला. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

मराठीत ज्याला तत्त्वज्ञान म्हणतात ते आम्ही कॉलेजात हिंदीतून 'दर्शन' म्हणून शिकलो. शब्द अजून आवडतो. देवळात रांगेत घेतो ते दर्शन नव्हे, तर नीट निरखून पाहणे. ग्रीक शब्दाचा अर्थ शहाणपणाची आवड असा आहे. तिकडे इ. स. पूर्व सहाव्या शतकात थेलीसने सर्वांचे मूळ पाणी असे सांगितले. आपल्या बृहदारण्यक उपनिषदात गार्गी पाण्यापासूनच सुरुवात करते: हे सारे पाण्यावर विणलेले, तर पाणी कशावर? याज्ञवल्क्यांनी एका टप्प्यावर तिला थांबवले, डोके गळून पडेल म्हणाले. तरीही ती भर सभेत पुन्हा उभी राहिली.

खरे काय आहे, ही तत्त्वमीमांसा. ते आपल्याला कळले कसे, ही ज्ञानमीमांसा. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी चार प्रमाणे मानते. चार्वाक फक्त प्रत्यक्ष. व्हॉट्सअॅपवरचा निरोप यांपैकी कशात बसतो, हे आठवीच्या मुलांनी ठरवावे. तर्कशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र याही शाखाच.

नीतिशास्त्राला मात्र पुस्तकही लागत नाही. खाणी २०१२ साली बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा. डिचोलीत कुणाचा ट्रक दारात उभा राहिला, तर खाणीच्या मातीने शेत भरलेल्या शेजाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. न्याय्य काय? मोप्याला २०२३ मध्ये विमाने उतरू लागली. कुणाला नोकरी मिळाली, कुणाची जमीन गेली. मुले हे घरी रोज ऐकतात. शाळेत त्यावर बोलायला जागा नाही.

काही पालक म्हणतात, याने मार्क वाढणार नाहीत आणि मुले उलट बोलायला शिकतील. पहिले खरे आहे. दुसऱ्याची धास्ती आम्हालाही आहे. परवा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, उशिरा येणाऱ्या मुलांना बाहेर उभे करता, मग उशिरा येणाऱ्या शिक्षकांना का नाही?" आम्ही तिला वर्गात पाठवले. उत्तर नव्हते म्हणून पाठवले, हे इथे कबूल करतो.

नव्या वर्षापासून आठवी-नववीला शनिवारचा शेवटचा तास यासाठी द्यावा, असे आम्ही विश्वस्त मंडळापुढे मांडले आहे. परीक्षा नाही, वेगळा शिक्षक नको. तास आम्हीच घेऊ. मंजुरी मिळाली तर पहिल्या शनिवारी त्या मुलीचाच प्रश्न फळ्यावर लिहू.