गाडीला धाप का लागते?

गाडी काय खाते असं विचारलं तर तुम्ही चटकन म्हणाल, पेट्रोल! पण तिची खरी भूक आहे हवेची. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळजवळ १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा. लहानसं न्हाणीघर भरेल एवढी!

हे आठवलं आमच्या गाडीमुळे. रस्त्यावर छान पळायची, पण सिग्नलला थांबली की धापा टाकायची. इंजिनाची घरघर वाढे, कमी होई आणि मागे हॉर्न वाजायला लागले की नेमकी बंद पडे. एका गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर जोडला. ‘हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. हवा मोजणारा सेन्सर गेला, नवीन टाका.’ किंमत ऐकून मलाच धाप लागली!

मग ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. सोबत सातवीतली भाची होती. मिस्त्रींनी आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरला. स्वच्छ होता. (तो धुळीनं चोंदला असता तर गाडीला दम लागला असता चढावर, उभ्या उभ्या नव्हे.) मग त्यांनी हातभर रबरी नळी घेतली. एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या पाइपांवरून फिरवत गेले, अगदी डॉक्टरांसारखं! एका जागी थबकले. “ऐक गं पोरी.” नळीतून आवाज येत होता, सूंऽऽ! तिथं साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडले. पाणी आत ओढलं गेलं, सूं थांबलं आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलला. चोर सापडला. सेन्सरच्या पलीकडे एका बारीक नळीला चीर गेली होती. (चालू इंजिनाजवळ तुम्ही मात्र हात नेऊ नका. पंखा कधी फिरेल, सांगता येत नाही.)

“म्हणजे सेन्सर खरंच बोलत होता,” मिस्त्री म्हणाले. आमच्या गाडीच्या सेन्सरमध्ये तापवलेली बारीक तार असते. वाहत्या हवेनं ती निवते. तिला गरम ठेवायला किती वीज लागली, त्यावरून कॉम्प्युटर हवा ओळखतो आणि त्या बेतानं पेट्रोल सोडतो.

“कळलं!” भाची म्हणाली. “शाळेच्या फाटकावर मुलं मोजली, तेवढ्यांचीच खिचडी शिजवली आणि चार जण भिंतीच्या भगदाडातून आत आले!”

“मग पळताना त्रास का नाही?” मी विचारलं.

गाडी उभी असताना हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. सिलिंडर तर हवा ओढतच असतात. वाट बंद, म्हणून ओढ जबरदस्त. हवा चिरेतून घुसते. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, ओढ कमी होते आणि फाटकातूनच इतकी हवा येते की चिरेतली चिमूटभर हवा कुणाच्या खिजगणतीत नसते. भाचीच्या भाषेत, दहा मुलांत चार चोरून आली तर खिचडी पुरत नाही. पाचशेंत चार आली तर आचाऱ्याला पत्ताही लागत नाही!

नवी नळी आली सेन्सरच्या किमतीच्या मानानं अगदी किरकोळ पैशांत. मिस्त्रींनी क्लिप आवळली आणि इंजिन एका सुरात गुणगुणू लागलं. जुनी नळी भाचीनं पुसून दप्तरात टाकली. विज्ञानाच्या बाईंना दाखवायची म्हणे!